एकोणीस चाचण्या गिळलेला मास्तर

राळेगावच्या बाजारात जलबाबांच्या मांडवापुढे बाटल्या घेतलेल्या लोकांची रांग पार एसटी स्टँडपर्यंत गेली होती. "एक घूंट, शक्कर छूमंतर! अन् हे मी नाही म्हणत, सायन्स म्हणते!" बाबा गरजले, की माणसं हात जोडत. मागच्या फ्लेक्सवर छापलं होतं: चाळीस जणांवर प्रयोग, पाणी पिणाऱ्यांची साखर उतरली. खाली वामन सरांची सही.

सर पुसदला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. त्यांना इथं ओढून आणलं होतं त्यांच्याच विद्यार्थिनीनं, मैत्रेयीनं. तिच्या आत्यानं, पंचफुलाबाईनं, शुगरच्या गोळ्या सोडून हे पाणी धरलं होतं. आता पायाचा अंगठा काळा पडला होता आणि डॉक्टर तो कापायचं म्हणत होते.

"सर, खरं सांगा. मोजलं काय काय होतं?"

"साखर, बीपी, झोप, वजन, गुडघे..." सर बोटं मोजू लागले. "वीस गोष्टी. एकोणीसमध्ये काही फरक नव्हता."

"मग ते काहून नाही लिहिलं?"

बाबांनी सरांच्या अंगावर सत्काराची शाल घातली होती, पेपरात फोटो येणार होता. सरांना हे सांगतानाही लाज वाटली.

मैत्रेयीनं त्याच चाळीस जणांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकली आणि सर्वांसमोर डोळे मिटून वीस काढली. "हे समजा पाणीवाले." सरांच्या लॅपटॉपवर त्याच वीस गोष्टींचे जुनेच आकडे या नव्या गटांनुसार पुन्हा तपासले. काहीच निघालं नाही. डबा हलवला, पुन्हा काढल्या. या वेळी 'पाणीवाल्यां'ची झोप सुधारली होती!

"आता पाणी कोणाले पाजलं, बाबा? चिठ्ठ्यांले?"

"बेटी, ही तर जललीला..." बाबा पुटपुटले. मांडव हसला.

सरांनी माइक घेतला. "वीस गोष्टी तपासल्या, की एखादी नुसत्या योगायोगानंही जुळते. मी जुळलेली दाखवली, बाकीच्या लपवल्या. बाबांइतकंच मीही तुम्हाला फसवलं. यापुढे कोणीही 'सिद्ध झालं' म्हणालं, तर आधी विचारा, तपासलं किती, आणि दाखवलं किती? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नका."

पुढच्या खुर्चीत, पट्टी बांधलेला पाय लांब करून, पंचफुलाबाई बसल्या होत्या.

"मी बाबाले कधी मानलंच नाही, सर," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी तुमाले मानलं."