साधनाबाईंचा अभिप्राय

जयपूरच्या महाराष्ट्र मंडळाच्या वाचनालयात एक जाचक नियम होता. पुस्तक परत करताना पाच ओळींचा अभिप्राय लिहून द्यायचा, त्याशिवाय ग्रंथपाल रंगनाथराव पुढचं पुस्तक देत नसत. शहरातल्या दुर्गापुरा भागात राहणाऱ्या साधनाबाई आजवर 'भाषा ओघवती, पात्रं जिवंत' असल्या ठरावीक ओळींवर वेळ मारून नेत आल्या होत्या. या वेळी मात्र तीन आठवडे झाले तरी पुस्तक घरातच होतं आणि कागद कोरा होता.

कादंबरी तशी मजेची. आजची एक मुलगी काळ ओलांडून शंभर वर्षं मागे, खापरपणजीच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. तिला सगळं दिसतं, ती कोणालाच दिसत नाही. घराण्यातल्या एका मुलीचं नाव सगळ्या कागदांवरून कसं नाहीसं झालं, ते तिला शोधायचं असतं.

वाचता वाचता साधनाबाईंच्या मनात आलं, आपल्याही स्वयंपाकघरात अशी कोणी पुढच्या पिढीतली येऊन उभी असली तर? झालं, त्या दिवसापासून फ्रीजपाशी कोणीतरी उभं आहे असं त्यांना वाटायला लागलं. भाजी चिरताना पाठीवर नजर जाणवायची. त्यांनी विटका गाऊन सोडून दिवसभर साडी नेसायला सुरुवात केली. त्यांचे यजमान मोरेश्वरराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, खापरपणतीसाठी चहाचं आधणही ठेव. बाईंना हसू आलं नाही. ती मुलगी कोणाला शोधत आली असेल ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती.

कौमुदीला. कौमुदी ही त्यांची पहिली मुलगी, भुसावळला जन्मलेली. ती कधी पायांवर उभी राहिलीच नाही. पुढे हातांतलं बळ गेलं, मग श्वास घेणंही जड झालं आणि सहाव्या वर्षी पोर गेली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे आईबापांच्या रक्तातून येतं. धाकटा मुलगा श्रेयस तेव्हा पोटात होता. महिन्याभरात जयपूरला बदली झाली. बदलीच्या गावाचं एक बरं असतं, मागचं कोणाला ठाऊक नसतं. मोरेश्वररावांनी रेल्वेच्या पासावरून कौमुदीचं नाव कमी केलं, फोटो बहिणीकडे ठेवले, नातेवाइकांना तंबी दिली. क्वार्टरमधल्या शेजारणींनी कितवं म्हणून विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, हे पहिलंच. झाकली मूठ तेहतीस वर्षं झाकलेलीच राहिली.

आता श्रेयसची बायको कस्तुरी गरोदर होती. पुस्तक आणलं त्याच्या आदल्याच आठवड्यात साधनाबाई दोघांबरोबर दवाखान्यात गेल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात कोणा लहान मुलाला काही आजार होता का. श्रेयसने आईकडे पाहिलं.

"नहीं जी, भगवान की दया से कुछ नहीं," साधनाबाई म्हणाल्या. खोटं त्यांना हिंदीत सोपं जायचं.

फ्रीजपाशी कौमुदीच आली असेल असंही त्यांना एकदा वाटून गेलं. पण कौमुदी असती तर बसलेली असती. ही तर सरळ उभी असायची, भिंतीचा आधारही न घेता. म्हणजे ही पुढचीच होती.

मग एका दुपारी पोळ्या लाटताना पाठीवरची नजर गेली. बाईंनी तीनदा वळून पाहिलं. कोणीच नव्हतं. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की ही पुढची यायची तर आधी कस्तुरीच्या पोटातलं जगायला हवं. त्या नजरेला त्या जितक्या भ्यायल्या नव्हत्या तितक्या त्या रिकाम्या जागेला भ्यायल्या.

त्यांनी मोरेश्वररावांना म्हटलं, अहो, मुलांना सांगू या. गेलेल्या पोरीला कशाला उठवतेस, श्रेयस धडधाकट आहे ना, असं म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. श्रेयसच्या रक्तात ते लपलेलं असलं आणि कस्तुरीच्याही असलं तर काय, असं बाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी आवाज आणखी वाढवला.

रविवारी मुलं जेवायला आली. बाईंनी चारदा तोंड उघडलं आणि चारही वेळा "अजून भात घ्या" एवढंच बाहेर पडलं. शेवटी त्यांनी आदल्या रात्री लिहून ठेवलेला अभिप्राय श्रेयसपुढे सरकवला आणि मोठ्याने वाच म्हणाल्या. हिंदी शाळेत शिकलेला श्रेयस मराठी वाचताना अक्षरांखाली बोट धरायचा.

"या कादंबरीत... जिचं नाव पुसलं, तशी एक मुलगी... माझीही होती. कौमुदी." तो हसला. "आई, मतलब तू पण कथा लिहायला लागलीस?"

कस्तुरी नाशिकची. त्याच्या खांद्यावरून तिची नजर पुढे धावली होती, आणि ती हसली नाही.

श्रेयसचं बोट पुढे सरकलं. आजार आला, पास आला, जयपूर आलं. "डॉक्टरांपुढे... मी खोटं बोलले. माझ्या नातवंडाला... याची शिक्षा नको."

मोरेश्वरराव उठून बाल्कनीत गेले. कस्तुरीने आजाराचं नाव तेवढं विचारून घेतलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. दोघांच्या रक्ताच्या तपासणीसाठी उद्याच यायला सांगितलं गेलं.

श्रेयस कागद धरून बसला होता.

"राखीच्या दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांचे हात भरलेले असायचे. मी दर वर्षी तुला विचारायचो, मला बहीण का नाही. तू म्हणायचीस, देवाने दिली नाही."

"दिली होती," साधनाबाई म्हणाल्या.