मिशीआडचं बोलणं

बायको, अयोध्या, गेल्यापासून कुमार सरांचं सगळं जिथल्या तिथं चाललं होतं. सकाळी उठायचं, म्हाताऱ्या बापाला, लिंबाजीआबांना, चहा करून द्यायचा, आपण प्यायचा, परंड्याच्या कॉलेजात जाऊन लोकसाहित्य शिकवायचं. चहा गोड होता का फिका, हे त्यांना सांगता आलं नसतं. बायको गेली तेव्हा रडू आलं नाही. मागाहून येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली, मागाहूनही आलं नाही. मांडी घालून बसल्यावर पाय झोपतो ना, तसं आत काहीतरी झोपलं होतं, आणि त्या झोपल्या पायानंच ते चालत होते.

त्यांच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात दैवशाला पहिल्या बाकावर बसायची. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही कान गेलेले. कानातल्या यंत्राचाही उपयोग नव्हता. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं वाचायची. त्या शुक्रवारी तास सुटल्यावर ती मैत्रिणीला, भैरवीला, ओढत टेबलाशी घेऊन आली. बोलली मात्र स्वतःच, सपाट आणि जरा मोठ्या आवाजात.

"सर, सोमवारपासून मी येत न्हाय."

"का?" विचारायचं असतं म्हणून सरांनी विचारलं.

दैवशालानं भैरवीकडं पाहिलं. भैरवीनं तो 'का' आपल्या ओठांवर घेऊन तिला दिला.

"चाचणीत नापास झाले. भाऊ म्हणतोय, परीक्षेतबी हेच व्हायचं असंल तर आत्ताच घरी बस."

"पण तुला जादा वेळ मिळतोय की. मीच सही केली त्या अर्जावर."

हेही भैरवीनं पोचवलं.

"वेळ दिला सर. पण त्या वेळात लिहू काय? अस्मिता मॅडमचं मला समदं कळतंय. तुमचं तोंडच दिसत न्हाय."

भैरवीला हसू आवरेना. "सर, राग मानू नका. ही म्हणती, सरांचे शब्द मिशीत अडकत्यात. त्यात तुमी खिडकीकडं पाठ करून उभं ऱ्हाता, तोंडावर अंधार. फळ्याकडं वळून बोलता तवा तर हिला वाटतं, सर गप झाले."

"तुझी वही देत जा हिला."

"देते की! पण माझं अक्षर मलाच लागत न्हाय, सर."

सरांची मिशी वळचणीसारखी ओठावर उतरली होती. अयोध्या असताना ती म्हणायची, कोरून या जरा. आता म्हणणारं कुणी नव्हतं. मिशीखालचे ओठही आताशा पुरते उघडत नसत, आवाज तेवढा बाहेर यायचा.

"सोमवारी ये," ते म्हणाले. "त्या एका तासाला ये. मग ठरव."

वाटेत कल्याणप्पाच्या दुकानात ते खुर्चीत बसले. कल्याणप्पानं मिशी बारीक कोरली. सरांनी आरशात बघून हळूच म्हणून पाहिलं, "प, ब, म." वरचा ओठ मुळातच पातळ, त्यावर केसांची सावली तशीच. कोण काय म्हणतंय, त्यांचं त्यांनाच कळेना.

"पुरी काढ," ते म्हणाले.

कल्याणप्पाचा हात थांबला. "आरारा! लिंबाजीआबा गेले? कवा?"

"आबा बरे आहेत."

"मग मी न्हाय काढत. वहिनीच्या वेळी डोकं भादरलं, तवाबी म्या मिशीला हात लावला न्हाय. बाप जिता असताना मिशी उतरवली तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल."

लिंबाजीआबांचा जन्म मेंढरांमागं गेला होता. आता ते ओसरीवर बाजेवर पडून असत. सरांनी त्यांना सगळं सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं.

म्हातारा बाजेवर उठून बसला. मग म्हणाला, "म्हंजी पोरीला ऐकू येत न्हाय, आन तू दाखवत न्हाईस."

"हो."

"मिशी कुणाच्या नावाची? माझ्या. मग माझ्याच हातानं काढतो. कोण काय म्हणतंय बघू. आण ती कात्री."

लोकर कातरायची ती जुनी कात्री. आबांनी लेकाची हनुवटी कोकराची धरावी तशी मुठीत धरली. कात्री कचकच चालली. केस पडले, काळे थोडे, पांढरे फार. उरलेलं साबण लावून दाढीच्या पात्यानं काढलं.

"हलू नगं. मेंढरू बरं तुझ्यापरीस. दुखलं तर सांग."

"दुखत नाही."

"ते दिसतंयच मला," आबा म्हणाले.

"तुम्ही गेल्यावर काय काढू, आबा?"

"तवर उगंल की. का लई घाई हाय?"

रविवारी सर भाजी आणायला गेले, आणि भाजी घरी येण्याआधी त्यांच्या बिनमिशीच्या तोंडाची बातमी गल्लीत आली. शेजारच्या चन्नम्माकाकू पदर तोंडाला लावून, हातात भाकरी-पिठल्याचं गाठोडं घेऊन रडतच दारात आल्या. बाजेवरून आबा म्हणाले, "ये गं चन्नम्मा. कोण गेलं म्हणायचं?"

काकूंनी किंचाळून गाठोडं खाली टाकलं. "अगं माय! मी तर दुखाचं घर म्हणून पिठलं करून आणलं!"

"मग ठेव की. जित्या माणसालाबी भूक लागती."

भाजी घेऊन आलेल्या सरांनी हे दारातून ऐकलं. हसण्यासारखं होतं, हे त्यांना कळलं. तेवढंच कळलं.

सोमवारी त्यांना बघून वर्ग चिडीचूप झाला. मागून कुणीतरी कुजबुजलं, "सरांचे वडील..." भैरवी म्हणाली, "गप रं. जित्ते हायेत. काल पिठलं खाल्लं त्यांनी." सर रोजची जागा सोडून खिडकीसमोर आले. उजेड तोंडावर पडला. उघड्या ओठाला वारा लागला, तो त्यांना परक्याच्या ओठाला लागल्यासारखा वाटला. दैवशाला पुढं वाकली.

सरांनी जात्यावरची ओवी घेतली. तोंड उघडून, सावकाश.

"माय गेली दूर गावा, मुका झाला उंबरा,
चूल पुसे पाट्याला, कोण घाली फुंकरा."

दैवशालाचे ओठ त्यांच्या ओठांमागं हलत होते. उंबरा आला, चूल आली, फुंकरसुद्धा आली. तिनं भैरवीकडं पाहिलं नाही. मग तिनं हात वर केला.

"सर, समदं कळलं. एकच न्हाय कळलं. बाय गेली, का माय गेली?"

ओठांवर ब आणि म सारखेच दिसतात. ते सरांना आरशातच कळलं होतं.

"माय," ते म्हणाले.

"बाय?"

"माय."

तिनं नाही अशी मान हलवली. डोळे बारीक करून ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग त्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाली, "सर, तुमचा वरचा ओठ थरथरतोय. त्यानं वाचता येत न्हाय. थांबू दे त्याला. मग सांगा."

सरांनी ओठाला बोट लावलं. खरंच थरथरत होता. कधीपासून, कोण जाणे.

ते फळ्याकडं वळले, खडू घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, माय. पुढची ओळ तोंडाशी आली होती. पण पाठ दैवशालाकडं होती. ओळ गिळून ते उभे राहिले. मग वळले, उजेडात आले, आणि दैवशालाची नजर ओठांवर टेकेपर्यंत थांबले.