मर्यादा नावाचा स्कर्ट

आमचे हे, मुकुंदराव, भेस्तानला परकर शिवून घेण्याचा कारखाना चालवतात. कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडमधली आठ-दहा मशिनं, पण समाजाच्या कार्यक्रमात हे 'उद्योजक' म्हणून पहिल्या रांगेत बसतात. धागे कापणं, तपासणी, घड्या घालणं हे सगळं माझ्याकडे. मला अजून कोणी उद्योजिका म्हटलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या तेजस्विनीच्या शाळेतून ऑर्डर आली. मुलींचा हॉकीचा संघ राज्य स्पर्धेसाठी राजकोटला जाणार होता आणि आमची तेजू त्यात होती, पुढच्या फळीत. त्यांच्या कोच दक्षाबेन नमुना घेऊन आल्या. वरून गुडघ्याच्या वर थांबणारा घेरदार स्कर्ट आणि आत त्यालाच शिवलेली घट्ट चड्डी. धावा, पडा, लोळा, काही दिसायचं नाही. सगळ्या संघाला एकच ड्रेस, त्यात सूट नाही, हे दक्षाबेननी आधीच सांगून टाकलं.

शिवायला सोपा, पण त्याला म्हणायचं काय? स्कर्ट म्हटलं की मुलींच्या आया नाकं मुरडायच्या, शॉर्ट्स म्हटलं की बाप भडकायचे. आमच्या शिलाईच्या बायका त्याला सरळ चड्डीवाला घागरा म्हणायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. नेटवर त्याला स्कॉर्ट म्हणतात, असं तेजूने सांगितलं, तर हे म्हणाले की ट्रॅक्टरचं नाव वाटतं.

मला नावाशी काही देणंघेणं नव्हतं. मला पोरीला राजकोटला पाठवायचं होतं. पहाटे उठून मैदानावर जाणारी पोर, हाताला घट्टे पडले होते तिच्या. यांचा स्वभाव मला ठाऊक, म्हणून जेवताना मी हळूच विषय काढायची. अहो, आत पूर्ण पँट आहे, वर नुसता घेर. मुलगी मोकळी खेळेल आणि मर्यादाही राहील. हे मान डोलवायचे. मला वाटलं, जमलं.

आठवड्याभरात पाकिटं छापून आली. वर सोनेरी अक्षरांत 'मर्यादा' आणि खाली माझंच बोलणं, गुजरातीत. नाकं मुरडणाऱ्या आयांनी ते वाचलं आणि गुपचूप मापं दिली. दुसऱ्या शाळांचे फोन यायला लागले. हे घरभर शीळ घालत फिरत होते. तो मोका साधून तेजूने आपला ड्रेस घालून दाखवला.

शीळ थांबली.

"काढ ते," हे म्हणाले.

मी पाकीट त्यांच्यापुढे धरलं. यावर काय छापलंय ते वाचा, म्हटलं.

"ते गिऱ्हाइकांसाठी आहे. आपल्याला चार लोकांत राहायचंय. उद्या हिच्या लग्नाच्या वेळी हेच फोटो आडवे येतील."

मी भांडले, अबोला धरला, काही उपयोग झाला नाही. दक्षाबेन समजवायला घरी आल्या. त्यांना यांनी चहा पाजला आणि तेजूचा गुडघा दुखावलाय, असं सांगितलं. तेजू समोरच उभी होती, धडधाकट. तिच्या जागी कृपाली नावाची राखीव मुलगी गेली. ती अंगाने बारीक, म्हणून तेजूचा स्कर्ट कमरेत आत घ्यायला कारखान्यात आला. मी हात लावणार नाही म्हटलं. तेव्हा तेजूनेच तो मशिनवर घेतला, शिलाई उसवली, नवी मारली आणि इस्त्री करून दिला. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

संघ राजकोटला जिंकला. पेपरात आलेला फोटो यांनी मोठा करून घेतला आणि कारखान्यात स्वतःच्या खुर्चीमागे टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, आपल्या मालाचा संघ.

मग एका दुपारी कामरेजचा एक मोठा व्यापारी आला. भाविक माणूस, दुकानात काय ठेवावं याचा फार विचार करणारा. त्याने स्कर्ट उलटसुलट करून पाहिला, पाकीट वाचलं आणि यांना विचारलं, "शेठ, तमारी छोकरीने आ पहेरवा दो?" स्वतःच्या मुलीला हे घालू द्याल का, असं.

मी हातातली कात्री खाली ठेवली. तेजू नेमकी डबा घेऊन दारात आली होती. आता बाप काय बोलतो ते पोरीच्या कानांनी ऐकू दे, असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला होता.

हे उठले, फोटोपाशी गेले आणि कृपालीवर बोट ठेवलं. "आ रही मारी छोकरी." ही बघा माझी मुलगी, म्हणे.

व्यापारी खूश झाला. मग त्याची नजर दाराकडे गेली. "अने आ बेन?"

यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मारा भाईनी छोकरी."

तेजूने व्यापाऱ्याला नमस्कार केला. पुढे येऊन डबा टेबलावर ठेवला.

"काका, जेवून घ्या," ती म्हणाली. "पोळ्या गार होतील."

ऑर्डर मिळाली. संध्याकाळी हे पेढे घेऊन आले आणि पहिला पेढा तेजूच्या हातावर ठेवला. थँक्यू काका, म्हणाली ती. हे हसले, पोरीने थट्टा केली असं वाटलं त्यांना. आता सहा महिने होत आले. ती अजून त्यांना काकाच म्हणते, लोकांसमोरही, आणि मी तिला एकदाही टोकलेलं नाही.