काकांची चारशे बारावी ओळ

मास्तरांच्या बायोडेटातली पंधरा वर्षं कापली ती त्यांच्या सख्ख्या मुलीने. ती एका कंपनीत नोकरभरतीचंच काम करायची. कोणते अर्ज न वाचता बाजूला पडतात, हे तिला तोंडपाठ होतं.

"बाबा, खोटं काही लिहायचं नाही. खरं थोडं कमी लिहायचं," असं म्हणून तिने एका बटणात चोपन्न वर्षांच्या बापाला एकोणचाळीसचा केला. या हिशोबाने ती जन्मली तेव्हा बाप तेरा वर्षांचा होता, पण घरात कोणी हा विषय काढला नाही. केसही तिनेच रंगवले. मिशी दुसऱ्या दिवशी रंगवली, त्यामुळे ती केसांपेक्षा एक दिवसाने तरुण दिसत होती.

मास्तर हे नाव त्यांना प्रोग्रामर मित्रांनी दिलेलं. कोणी न विचारता समजावून सांगायची खोड होती ना! सात महिन्यांपूर्वी कंपनीने केक कापून त्यांना घरी पाठवलं. त्यानंतर सतरा मुलाखती झाल्या. "ही अठरावी शेवटची," असं त्यांनी बायकोला सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली. त्या "बरं"ला ते सतरा नकारांपेक्षा जास्त घाबरले.

मुलाखतीला टीमची प्रमुख होती, तिशीतली, आणि तिच्या शेजारी एक दाढीवाला.

"सरळ कामच दाखवते," प्रमुखबाई म्हणाल्या. "हा आमच्या गोदामाचा जुना प्रोग्राम. पुढच्या एक तारखेपासून सगळ्या मालाची मुदत संपली म्हणतोय."

"खिळ्यांचीसुद्धा," दाढीवाला म्हणाला. "आणि शिड्यांची."

मास्तरांनी स्क्रीनकडे पाहिलं. हा प्रोग्राम त्यांचाच होता. सत्ताविसाव्या वर्षी लिहिलेला, म्हणजे नेमका कापलेल्या भागातला. पण हातांनी काही बायोडेटा वाचला नव्हता. ते सरळ चारशे बाराव्या ओळीवर जाऊन थांबले. तिथे एक तारीख होती. तिच्यापुढचे दिवस प्रोग्रामने मोजायचेच नाहीत, अशी सोय. शेजारी टीप होती. दाढीवाल्याने ती मोठ्याने वाचली, "'तोवर हा प्रोग्राम राहणार नाही. राहिलाच तर मी राहणार नाही. निस्तरणाऱ्याला शुभेच्छा. — मास्तर.' काय नग असेल हो हा!"

दोघे हसले. मास्तरही हसले. सगळ्यात मोठ्याने तेच हसले.

"पण आमची माणसं तीन आठवडे शोधतायत," प्रमुखबाई म्हणाल्या. "तुम्हाला अर्ध्या मिनिटात कसं सापडलं?"

मी लिहिलंय, एवढंच म्हणायचं होतं. पण एकोणचाळीसचा माणूस तेव्हा बारा वर्षांचा असणार.

"हे मास्तर... माझे काका," मास्तर म्हणाले. "लहानपणी दाखवायचे मला."

"काय सांगता! अहो, मग त्यांनाच बोलावू या की! लावा फोन!"

काका कामावर रुजू झाले तर पुतण्या पुन्हा घरी. मास्तरांनी काकांना जागच्या जागी संपवलं.

"ते गेले."

"अरे देवा. कधी?"

"सात महिने झाले."

प्रमुखबाई उठून उभ्या राहिल्या. दाढीवाल्यानेही लगबगीने खुर्ची मागे सारली. तिघे मान खाली घालून दोन मिनिटं उभे राहिले. मास्तरांना तो सत्तावीस वर्षांचा पोरगा आठवला, पहिल्यांदा प्रोग्राम चालला तेव्हा खुर्चीवर उभा राहून ओरडलेला. त्याने आपल्याकडे पाहू नये म्हणून त्यांनी डोळे गच्च मिटले. कपाळावरून घाम ओघळला आणि काळा होऊन सदऱ्यावर पडला. इतरांना वाटलं, पुतण्याला गहिवरून आलंय.

"सोमवारी या," प्रमुखबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ओळ दुरुस्त करा, पण टीप काढू नका हं. आठवण राहू दे." मग दारापर्यंत सोडायला आल्यावर विचारलं, "वय काय होतं हो काकांचं?"

"चोपन्न."

"चोपन्नच?" त्या कळवळल्या. "हे काय जायचं वय आहे?"

मास्तरांना मान वर करता येईना.