किंकाळ्या शेवटच्या दिवशी

आई पोटापाण्यासाठी भुतं करायची. म्हणजे परदेशी चित्रपटांतल्या चेटकिणींना, हडळींना आणि सूड घ्यायला परत आलेल्या बायकांना ती मराठीत आवाज द्यायची. तरुणपणी नायिका केल्या, मग नायिकांच्या आया, आणि आता बरीच वर्षं नुसत्या मेलेल्या बायका. "बढतीच झाली म्हणायची," ती सांगायची, "मेलेल्यांना वाक्यं कमी आणि मान जास्त."

लेक त्याच स्टुडिओत संवाद लिहायची. वाचून वाचून तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे आईचं निदान होतं आणि ते ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची.

त्या दिवशी एका जपानी ॲनिमेशनपटाचं काम चालू होतं. एका मुलीला मावशी वारल्यावर तिचं पियानो दुरुस्तीचं दुकान मिळतं. त्यातल्या एका पियानोत एक सावली राहते आणि ती माणसांचे आवाज खाते. सावली अर्थातच आई.

दुपारी चहाला दोघी बाहेरच्या बाकड्यावर बसल्या. काम संपत आलं की चित्रपटाची चिरफाड करायची, ही त्यांची जुनी खोड. आईनं कौतुक करायचं आणि लेकीनं ते खोडून काढायचं.

"पहिला अर्धा तास मात्र काय काढलाय गं!" आई म्हणाली. "ती सावली जिना उतरते तेव्हा मागे पायऱ्या ओल्या होत जातात. कोणी बोलत नाही, संगीत नाही. मला तर घाम फुटला."

"तिथेच थांबायचं की मग. पण नाही, मांजर बोलायला लागतं."

"मांजरानं तुझं काय वाकडं केलंय?"

"सावली कुठून आली, काय खाते, कशानं मरते, सगळं ते समजावून सांगतं. भुताला माहितीपत्रक कशाला हवं? आणि ती नायिका! डोळे बशीएवढे, आणि समोर उभी असलेली सावली दिसत नाही."

"दुःखात आहे बिचारी."

"दुःखात आहे, आंधळी नाही. वर शेवट तीन. एकही धड नाही. आणि दर दहा मिनिटांनी त्या किंकाळ्या. घाबरा हो घाबरा, म्हणून प्रेक्षकाला ढोसत राहायचं."

"तुला चंद्र आणून दिला असता ना," आई कप खाली ठेवत म्हणाली, "तरी तू आधी डाग पुसून मागितले असतेस."

किंकाळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. या धंद्यात त्या शेवटच्या दिवशी करतात. आधी केल्या तर घसा बसतो आणि पुढचे संवाद कावळ्याच्या तोंडचे वाटतात. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला सगळे कानसेन म्हणत. त्यानं निघताना बजावलं, "मावशी, उद्या किंकाळ्या. आज घसा जपा, कोणावर ओरडू नका."

"मग सकाळी हिला उठवायचं कोणी?" आई म्हणाली.

दुसऱ्याच पहाटे आई झोपेतच गेली. आयुष्यभर तिनं दारं आपटत, काचा फोडत मरणं केली आणि स्वतःच्या वेळी शेजारच्या खोलीत कळूसुद्धा दिलं नाही. अगदीच दुबळा शेवट, असं लेकीच्या मनात आलं. ते तिनं कोणाला सांगितलं नाही. भेटायला आलेले म्हणत राहिले, "सुटली बिचारी." कशातून, ते एकालाही सांगता येईना. काका तर दोनदा म्हणाले की चेहरा किती शांत दिसतो. आईचा चेहरा शांत असेल तर हमखास काहीतरी बिनसलेलं असायचं, हे त्यांना कोण सांगणार?

लेक कामावर परतली तेव्हा चित्रपट मराठीत आणणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन बसलेला होता. नीटनेटका शर्ट, नीटनेटकं दुःख.

"फार वाईट झालं, मॅडम," तो म्हणाला. "आता प्रश्न सावलीचा आहे. किंकाळ्या नाहीत. एका भुताला दोन आवाज चालणार नाहीत. तेव्हा नव्या बाई आणतो, सगळंच पहिल्यापासून करू."

"सगळं? आईचं झालेलं सगळं पुसायचं?"

"दुसरा इलाज आहे का?"

लेकीनं मग तोफ डागली. किंकाळ्या हीच या चित्रपटाची सर्वांत मोठी खोट आहे. चित्रं काढणाऱ्यांनी जीव ओतला आणि लिहिणाऱ्यांनी त्यावर पाणी ओतलं. मांजर गप्प बसवा, दोन शेवट कापा, मग किंकाळ्यांची चिंता करा. माणूस ऐकत राहिला. त्याला मांजर आवडत असावं.

"पण किंकाळीच्या जागी ठेवायचं काय?" त्यानं विचारलं.

कानसेन इतका वेळ पाठ करून बसला होता. तो म्हणाला, "ताई, एक ऐकवतो. खरं तर पुसायचं होतं, माझा हात धजला नाही."

किंकाळीची जागा आली की आई नुसती खूण करून पुढे जायची. तेवढंच ध्वनिमुद्रित झालं होतं. त्यानं ते लावलं. पडद्यावर सावलीनं जबडा उघडला आणि आईनं श्वास आत घेतला, लांब, पोटातून. मग काहीच नाही. ओल्या पायऱ्या, काळोख, आणि आता येईल, आता येईल असं वाटायला लावणारी शांतता. मग आई घरच्या आवाजात म्हणाली, "इथे किंचाळायचंय. चला पुढे."

कंपनीचा माणूस हसला नाही. त्यानं हाताचे पंजे मांड्यांखाली दाबून धरले होते.

"शेवटचं वाक्य काढता येतं," कानसेन म्हणाला. "श्वास प्रत्येक जागी आहे. सगळे वेगवेगळे."

"अपुरं काम वाटेल हो," माणूस म्हणाला, पण आवाज जरा खाली आला होता. "वर काय सांगू मी? मॅडम, मघापासून तुम्ही वाईट काय तेच सांगताय. चित्रपट वाईट, मांजर वाईट. ते सोडा. या बाईंच्या कामात चांगलं काय आहे, तेवढं सांगा. तुमच्या शब्दांत मी तसंच वर कळवतो."

आणि त्यानं खरोखरच फोन काढला.

तिखट वाक्यं लेकीच्या जिभेवर रांग लावून उभी होती. त्यातलं एकही कामाचं नव्हतं. कौतुकाचं खातं घरात कायम दुसऱ्या कोणाकडे होतं. काचेपलीकडे ध्वनिमुद्रणाची खोली रिकामी होती. माइक अजून आईच्या उंचीवर होता, लेकीच्या हनुवटीइतका.

"चांगलं म्हणजे..." ती म्हणाली. माणूस फोनवर अंगठा धरून वाट पाहत होता. तिनं त्याच्याकडे पाहणंच सोडलं आणि काचेकडे तोंड वळवलं.

"तू श्वास घेतलास की मला भीती वाटायची, आई. किंचाळायची तुला गरजच नव्हती. मी पानंच्या पानं लिहिते, आणि तू तोंड उघडण्याआधीच सगळं सांगून मोकळी होतेस. इतकं चांगलं काम मी दुसऱ्या कोणाचं ऐकलेलं नाही."