डावा पाय मागाहून

तिने उजव्या टाचेने डावा बूट रेटून काढला, मग दुसरा, आणि दोन्ही भिंतीकडे लाथाडले. वाकून लेस सोडायच्या भानगडीत ती पडत नसे. आत जायचं तर बूट बाहेर, असं स्टुडिओच्या दारातल्या मुलीने सांगितलं होतं. आत राखाडी रबराची चादर अंथरलेली होती आणि ती म्हणे खराब होते. पोरांना शाळेत सोडून, रिकामी बस विद्यापीठाच्या कुंपणाला लावून ती तडक इथे आली होती, अंगात ड्रायव्हरचा निळा शर्ट आणि नाकावर राग घेऊन. त्यात डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. भांडायला निघालेल्या माणसाने मोजे तपासून निघावं, हे शहाणपण तिला तिथे सुचलं.

भांडण भावासाठी होतं. नाव काही असो, घरात तो बारक्या, आणि दारातून आत येताना या बारक्याला मान वाकवावी लागे. अर्बन आणि कंटेम्पररी डान्सच्या दुसऱ्या वर्षाला होता. काल जेवताना त्याने मान वर न करता सांगितलं होतं की वेळ आली तर तो शिक्षण सोडेल.

“मॅडम म्हणतात, गिरकीच्या उडीनंतरचं माझं उतरणं चुकीचं आहे. डावा पाय मागाहून येतो. ते सुधारेपर्यंत पुढच्या वर्षात घेणार नाहीत. मी म्हटलं, हे माझ्या ताईचं उतरणं आहे, मी बदलणार नाही. ठेवा नाहीतर काढा.”

“शाब्बास!” ती म्हणाली होती.

“शाब्बास काय? अगं, त्याचं वर्ष जाईल,” आई म्हणाली.

“जाऊ दे. उद्या मी बघते त्या बाईकडे.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि जाणारच. विद्यापीठात नाचाची पदवी मिळते हे कुणाला ठाऊकही नव्हतं, त्या काळात बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या छपराखाली ती नाचली होती. तिथल्या फरशीवर तिने बाहेरून आलेल्या क्रूंना, नाचणाऱ्यांच्या टोळ्यांना, हरवून परत पाठवलं होतं. बारक्या तिच्याकडे बघूनच नाच शिकला, आणि ते उतरणं तर त्याने तिच्या चालीसकट उचललं होतं. तिचा नाच सुटला आणि बस हातात आली. तिचं नाव म्हणून जे काही उरलं होतं, ते या पोराच्या पायांत होतं. आणि आता कुणी उठावं आणि म्हणावं, चुकीचं!

मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. बारीक कापलेले पांढरे केस, अनवाणी पाय, उतारवयातही ताठ पाठ. बारक्या कोपऱ्यात ढगळ पँट घालून पाय ताणत होता. ताईला बघून त्याचा चेहरा खुलला.

“बसा ना,” मॅडम म्हणाल्या.

“बसायला आले नाही मी.” तशीही तिथे खुर्ची नव्हती. “माझ्या भावाला चुकीचं ठरवलंत तुम्ही?”

“त्याला नाही. त्याच्या उतरण्याला.”

“ते उतरणं माझं आहे. त्या एका स्टेपवर माणसं आरडाओरडा करून उभी राहायची. तुम्ही नाचलात कधी रस्त्यावर? डांबरावर, तेलावर?”

“नाही.”

“मग उंटावरून शेळ्या कशाला हाकता?”

मॅडम चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन शब्द तिने दिले असते, चार त्यांनी, आणि ती जिंकून परत गेली असती. पण त्या नुसत्या मान हलवत राहिल्या, आणि त्यामुळे तिचा राग आणखीच भडकला.

“ही स्टेप मुळात ज्यांची आहे त्या जबरदस्त नाचत असणार, हे मी त्याला पहिल्याच दिवशी म्हटलं होतं,” मॅडम म्हणाल्या. “विचारा त्याला. पण माझं एक ऐका. तो करेल तेव्हा तुम्ही बघू नका. भिंतीकडे तोंड करा आणि फक्त ऐका. संगीत नाही लावत.”

“हा काय खेळ आहे का?”

“ताई, कर ना एकदा,” बारक्या म्हणाला. “होऊन जाऊ दे. मग त्यांनाच कळेल.”

ती भिंतीकडे वळली. मागे त्याची धाव ऐकू आली, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग धप. धप.

“परत,” मॅडम म्हणाल्या.

धप. धप.

ही स्टेप तिने आजवर ढोल पिटल्यासारख्या गाण्यांतच केली होती, गर्दीच्या आरोळ्यांत केली होती. तिचा नुसता आवाज कधी ऐकलाच नव्हता. आणि तरी तो तिच्या रोजच्या ओळखीचा होता. बसच्या शेवटच्या पायरीवरून ती उतरे तेव्हा हाच आवाज येई. आधी उजवा पाय, सगळा भार घेऊन. मग जरा थांबून, दुखेल की काय या भीतीने बेताने टेकवलेला डावा.

एकदा पंपावर तेलाच्या डागावर ती घसरली, तेव्हा हसतच उठली होती. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या क्रूशी नाचाची बॅटल होती. सुजलेला डावा गुडघा आवळून बांधला, वर ढगळ पँट चढवली आणि नाचली. डावा पाय टेकवायला धजावला नाही, म्हणून मागाहून आला. लोक ओरडले, “काय उतरलीस!” हे नवं आहे, हे मुद्दाम आहे, असं त्यांनीच ठरवून टाकलं. तिने फक्त कुणाला दुरुस्त केलं नाही. करायला वेळच मिळाला नाही, पुढे ती स्वतःच विसरून गेली.

ती वळली. बारक्या तिच्याकडे बघत होता, शाबासकीच्या अपेक्षेने.

“सगळं वजन उजव्यावर येतं,” मॅडम हळू म्हणाल्या. “धडधाकट पाय असं उतरत नाहीत.”

ती भावाकडे गेली.

“पँट वर कर.”

“काय?”

“उजवी. वर कर म्हणते ना!”

“काही नाही गं, थोडी सूज—”

तिने स्वतःच खेचली. आडव्यातिडव्या वेढ्यांची पट्टी, घट्ट आवळलेली, टोक आत खोचलेलं. ती बांधायची तशीच. हे तर त्याला कुणी शिकवलं नव्हतं, तेही तो शिकला होता.

राग काही कमी झाला नव्हता. फक्त तो कुणावर काढावा हे तिला कळेना. मॅडमवर काढावा तर ती बाई खरं बोलत होती. लोकांवर काढावा तर ते लोक कधीच पांगले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

“मूळ स्टेप अशी नव्हती,” ती म्हणाली.

“म्हणजे?” बारक्या हसला. “ताई, मी लहानपणापासून बघतोय.”

“तू बघायला लागलास त्याच्या आधीच माझा पाय गेला होता.”

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने तिच्या डाव्या पायाकडे पाहिलं, मोज्यातून निघालेल्या अंगठ्याकडे, मग वर.

“पण तू तर म्हणायचीस—”

“मी काही म्हणत नव्हते. सगळे म्हणायचे. बाजूला हो.”

“ताई, नको.”

“बाजूला हो म्हटलं ना!”

तिने दोन्ही मोजे ओढून फेकले. मॅडम पुढे सरकल्या. तिने हातानेच त्यांना थांबवलं. मग ती धावली. रोज क्लच दाबून दाबून आंबलेल्या पायाने धावली, उडाली, अर्धी गिरकी घेतली आणि दोन्ही पायांवर, एकदम, सारखी उतरली.

धप.

तोंडातून आवाज निघू नये म्हणून तिने दात आवळले, तरी तो निघालाच. भिंतीला लावलेला लाकडी दांडा तिने दोन्ही हातांनी धरला. बारक्याचे डोळे भरून आले होते, आणि तिला त्याचाही राग आला.

“रडतोस काय? पाहिलंस ना? असं. आता तू.”

“मला नाही येणार.”

“येईल. माझं दुखणं न शिकवता आलं, हे शिकवून येणार नाही?”

त्याने बाहीने डोळे पुसले, खाली बसून उजव्या गुडघ्याची पट्टी सोडली आणि नव्याने बांधली. मागे जाऊन उभा राहिला. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिली.

धप. धप.

“परत,” ती म्हणाली.