लढाईच्या बाटलीतली द्राक्षाची काडी

मित्रांनो, दवाखान्यातून फोन आला तेव्हा भीमराव माझ्यात पाणी घालत होते. फोन कानाला लावून ते नुसते "हो, हो" म्हणाले आणि पाणी ओट्यावरून खाली वाहू लागलं. त्यांची बायको कुमुदिनी गेली, हे मला असं कळलं.

मी एक जुनी बाटली आहे, जाड हिरव्या काचेची. माझा जन्म फ्रान्समधला. तिकडे द्राक्षांचे मळे आहेत आणि त्याच मळ्यांतून सैन्यं जात आली आहेत. पहिल्या महायुद्धात तोफगोळे पडत असतानाच द्राक्षं तोडली गेली. तोडायला गेलेली काही मुलं परत आली नाहीत. त्याच द्राक्षांची वाइन माझ्यात भरली. तळघरात आम्हा बाटल्यांशेजारी माणसं राहत, मुलांची शाळाही तिथेच भरे. गोळा पडला की आम्ही एकमेकींवर आपटायचो आणि मुलं गप्प व्हायची. तेव्हापासून मला अंधाराची भीती वाटते.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी एका गोऱ्या साहेबाने मला कल्याण कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात आणून उघडलं. माझी हकिगत त्याने खानसाम्याला सांगितली. तिथे भांडी घासणारे भीमरावांचे वडील ती ऐकत होते. कॅम्प रिकामा झाला तसे ते मला घरी घेऊन आले.

पुढे भीमराव अंबरनाथला तोफगोळ्यांच्या कारखान्यात लागले. ते ऐकून मी हादरले होते. कुमुदिनीही घाबरायची. ते घरी येईपर्यंत ती दारात बसून मला लाटण्यासारखं फिरवत पापड लाटायची.

ते निवृत्त झाले, शिरगावात राहायला आले. गेल्या ऑक्टोबरात तिने निफाडहून भावाच्या मळ्यातली छाटलेली काडी आणली आणि माझ्यात पाण्यात ठेवली. "लढाईची द्राक्षं पुष्कळ झाली. हिला मूळ फुटलं की आपण दोघं मागे लावू," ती म्हणाली.

मूळ फुटलं तेव्हा ती दवाखान्यात होती.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तिच्या आठवणीत बुद्धवंदनेला लोक जमायच्या आधी, भीमरावांची बहीण शीला हिने मला खिडकीत पाहिलं.

"दादा, लोक आता पंचशील घेणार, दारूला शिवणार नाही म्हणणार, आणि खिडकीत ही?"

"अगं, पाणी आहे त्यात."

"मग काय, एकेकाला हुंगायला देऊ?"

तिने मला काडीसकट माळ्यावर, गाद्यांच्या मागे ठेवलं. लोक गेले, तीही घरी गेली. मला उतरवायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

पुन्हा अंधार. पाणी रोज खाली जात होतं. काडीचं एकुलतं पान गळलं. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. पाणी मुळाखाली गेलं तर काडी मरेल, एवढंच मनात होतं.

अकराव्या दिवशी खालून आवाज आला. "शीले, कुमुदची काडी कुठाय?" भीमराव फोनवर होते. मग शिडी लागली. त्यांनी गाद्या बाजूला सारून मला खाली उतरवलं. तळाशी बोटभर पाणी होतं. मूळ ओलं होतं.

मित्रांनो, कोणाची वस्तू उचलण्याआधी ती कशासाठी ठेवली आहे ते विचारा. आणि गेलेल्या माणसाचं काम तुमच्याकडे राहिलं असेल, तर ते वाळू देऊ नका.

भीमराव रोज खुरपं घेऊन घरामागे जातात. "दोघं लावू म्हणाली होतीस," एवढं म्हणतात आणि परत येतात. काडीला आता तीन मुळं आहेत. खड्डा अजून खणलेला नाही.